वऱ्हाडकराने मँचेस्टर का पाहावे

विलायतेस जाणारी आपली मंडळी लंडन, पॅरिस, रोम पाहून येतात. अवश्य पाहावीत. पण वऱ्हाडच्या माणसाने एक दिवस मँचेस्टरसाठी राखून ठेवावा, असे माझे म्हणणे आहे.

कारण कापूस. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले. तिकडची रुई अडली आणि लँकेशायरची नजर आपल्या काळ्या जमिनीकडे वळली. इकडे कापसाचे भाव चढले. तिकडे गिरण्यांना कुलुपे लागून मजुरांच्या चुली विझल्या.

रॉयल एक्स्चेंजमध्ये रुईसुताचे सौदे १९६८ पर्यंत होत. आज तेथे नाट्यगृह आहे, पण शेवटच्या दिवसाचे भाव फलकावर तसेच ठेवले आहेत. (पिकवणाराच्या पदरात काय पडले, ते त्या फलकावर नाही.)

थोडे चालले की लिंकनचा पुतळा लागतो. इंग्रजांच्या गावात अमेरिकेचा अध्यक्ष कशाला? ३१ डिसेंबर १८६२ रोजी फ्री ट्रेड हॉलमध्ये मजुरांची सभा भरली. गुलामांनी वेचलेली रुई आली तर आपला रोजगार सुरू होईल, हे ठाऊक असूनही या उपाशी माणसांनी गुलामगिरीविरुद्ध लिंकनला पाठिंबा दिला. १९ जानेवारी १८६३ रोजी त्याने त्यांना उत्तर लिहिले. त्यातील मजकूर पुतळ्याखाली कोरला आहे. तो सावकाश वाचावा.

त्या हॉलचे आता हॉटेल झाले आहे. दर्शनी भिंत जुनीच. वेळ उरल्यास प्रिन्सेस स्ट्रीटवरील मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट पाहावी. ट्रेड्स युनियन काँग्रेसची पहिली बैठक १८६८ साली तेथे भरली.