छर्‍याची बंदूक: तिची निवड व वापर

रब्बीची ज्वारी कोठीत गेली आणि उन्हाळी कांदा चाळींत पडला म्हणजे आपल्या खर्ड्याच्या शिवारांत घुशी व उंदीर यांचा सुकाळ होतो. चाळीच्या तळाशीं हवेसाठीं जी मोकळी जागा ठेवितात तेथेंच घूस आपलें घर करिते, आणि ती खाते त्याहून नासते अधिक. कुरतडलेला एक कांदा सडला कीं शेजारचे दहा त्याच्या मागोमाग जातात. विष घालावें तर गोठा जवळ, कुत्रें-मांजर मोकळें व धान्य उघडें. अशा अडचणींत सापडलेल्या तीनचार सभासदांनीं यंदा मजकडे येऊन एकच प्रश्न केला, "भाऊसाहेब, छर्‍याची बंदूक घ्यावी काय? आणि घ्यावी तर कोणती?" मी महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेला मनुष्य, बंदुकीचा पंडित नव्हे. तथापि गेलीं आठ वर्षें ही बंदूक माझ्या वस्तीवर आहे, आणि तिच्या पायीं माझ्या हातून एक मोठी चूकहि घडली आहे. म्हणून जें अनुभवास आलें तें लिहितों.

या बंदुकींत दारू नाहीं. नळीच्या मागें एक पोलादी नळकांडें असतें, त्यांत दट्ट्या व दट्ट्याच्या पाठीशीं जाड स्प्रिंग. नळी सांध्याशीं मोडून खालीं ओढली कीं दट्ट्या मागें सरतो, स्प्रिंग दबते व आंकड्यांत अडकून राहते. चाप ओढतांच आंकडा सुटतो, दट्ट्या पुढें झेपावतो आणि नळकांड्यांतील हवा एका क्षणांत दाबली जाऊन छर्‍यास पुढें ढकलते. म्हणजे छर्रा उडविणारी दाबाची हवा आधीं सांठविलेली नसते, ती चाप ओढल्यावर तयार होते. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. नेम चुकण्याचें निम्में कारण हिच्यांतच आहे.

हवेनें गोळी मारण्याची विद्या कांहीं नवी नव्हे. 1795 च्या मार्च महिन्यांत आपल्याच माळावर मराठे व निजाम यांच्या तोफा धूर ओकीत होत्या, त्या काळीं युरोपांत ऑस्ट्रियाच्या सैन्यांत जिरांडोनी नांवाच्या कारागिरानें केलेली हवेची बंदूक चालू होती. तिच्या दस्त्याच्या पात्रांत हातपंपानें हवा भरीत. ती माणूस मारणारी होती. स्प्रिंगची बंदूक तिच्या मानानें फार दुबळी, आणि दुकानदार हें दुबळेपण गिर्‍हाइकास कधीं सांगत नाहीं.

हिशेब पाहावा. 4.5 मिलिमीटर जाडीचा नेहमींचा शिशाचा छर्रा सुमारें अर्धा ग्रॅम भरतो. तो सेकंदास 200 मीटर वेगानें सुटला तर त्याच्या अंगीं सुमारें 10 जूल शक्ति असते. उंदरास, आणि डोक्यांत बसला तर घुशीस, ती पुरेशी आहे. रानडुकरास ती पुरत नाहीं. छर्रा कातडीखालीं चरबींत रुततो, जनावर पळून जातें, जखम चिघळते. आणि पुढें ऊंसांत किंवा तुरींत तेंच दुखावलेलें जनावर एखाद्या मजुराच्या अंगावर येतें. डुकरासाठीं म्हणून ही बंदूक घेऊं पाहणार्‍यानें आपले पैसे कुंपणाकडे लावावेत.

कायद्याची बाजू थोडी विस्तारानें सांगतों, कारण कागद न वाचतां वागणारीं पुष्कळ माणसें मीं कचेरींत रडतांना पाहिलीं आहेत. 1959 चा शस्त्र अधिनियम व 2016 चे शस्त्र नियम यांप्रमाणें नळीचें छिद्र 4.5 मिलिमीटरहून मोठें असेल किंवा शक्ति 20 जूलहून अधिक असेल तर त्या हवाई बंदुकीस परवाना लागतो. म्हणून 5.5 मिलिमीटरच्या बंदुकीच्या मोहांत पडूं नये. ओळखीचा कागद देऊन, शक्तीचा आंकडा लिहिलेली पक्की पावती घेऊन ती जपून ठेवावी.

दुसरा कायदा वन्यजीवांचा, 1972 चा. मोर व काळवीट हे त्याच्या पहिल्या अनुसूचींत आहेत. त्यांच्याकडे बंदूक नुसती रोखणेंहि शहाणपणाचें नाहीं. सूर्यफुलावर व हुरड्याच्या ज्वारीवर उतरणारा पोपट दुसर्‍या अनुसूचींत आहे, आणि रानडुक्करहि तेथेंच आहे. पीक खाणार्‍या डुकरास मारावयाचें तर कलम 11 प्रमाणें वन खात्याच्या अधिकार्‍याचा लेखी हुकूम पाहिजे, आणि तें काम परवान्याच्या बंदुकीचें आहे. कित्येक जुने लोक म्हणतात कीं कावळा, वटवाघूळ व उंदीर हे कायद्यानेंच उपद्रवी ठरविलेले आहेत. तें पूर्वीं खरें होतें. परंतु 2022 सालच्या दुरुस्तीनें उपद्रवी प्राण्यांची ती यादीच काढून टाकली. तेव्हां कावळ्यावर छर्रा टाकूं नये. पांखरांसाठीं माळा, गोफण व डबडें हींच खरीं साधनें, आणि रानटी जनावरांनीं पीक खाल्लें तर विलंब न करितां वन खात्याकडे अर्ज देऊन पंचनामा करवून घ्यावा. पंचनाम्याच्या वेळीं सातबारा हाताशीं असावा व नुकसानीचें क्षेत्र गुंठ्यांत स्पष्ट लिहवून घ्यावें. "बरेंच नुकसान" अशा शब्दांवर कोणासहि भरपाई मिळाल्याचें मला आठवत नाहीं.

इतकें सोडल्यावर बंदुकीस उरतात त्या घुशी व उंदीर. त्यांचा बंदोबस्त करावयास कृषि खातें स्वतःच शिकवितें. आणि हें काम थोडें नव्हे.

आतां निवड. दुकानांत प्रथम वेगाचा आंकडा दाखवितात: सेकंदास हजार फूट, बाराशें फूट. हे आंकडे बहुधा हलक्या धातूचा पिसासारखा छर्रा घालून काढलेले असतात. शिशाचा नेहमींचा छर्रा घातला कीं वेग उतरतो. शिवाय छर्रा आवाजाच्या वेगाजवळ गेला म्हणजे डगमगूं लागतो आणि नेम बिघडतो. म्हणून वेग पाहूं नये, नेम पाहावा. सेकंदास 170 ते 200 मीटर पुष्कळ झाले. नळीचा सांधा हातानें हालवून पाहावा. तेथें किंचितहि खेळ असेल तर ती बंदूक परत करावी, कारण प्रत्येक बारास नळी निराळ्या जागीं बसेल. नळीच्या आंत आंटे असावेत. गुळगुळीत नळीची बंदूक जत्रेंतील फुगे फोडण्यापुरती. मग ती स्वतः वीस वेळां मोडून भरून पाहावी. जी भरतांना अकराव्या वेळीं दंड थरथरतो ती कितीहि जोरकस असली तरी आपली नव्हे. डायना ही जर्मन बनावटीची बंदूक नांवाजलेली आहे, पण महाग. आपल्याकडे ठाण्याच्या प्रेसिहोल कारखान्याच्या बंदुकाहि मिळतात. स्प्रिंगऐवजीं दाबाच्या वायूचा दट्ट्या असलेल्याहि निघाल्या आहेत; त्या जरा गुळगुळीत चालतात, बाकी नियम तेच. दुर्बीण लावावयाची तर स्प्रिंगच्या बंदुकीसाठीं म्हणून केलेलीच लावावी. साधी दुर्बीण या बंदुकीच्या दुहेरी झटक्यानें महिन्याभरांत निकामी होते. चाळीच्या अंतरास माशी व खांच पुरते, असें माझें मत आहे.

छर्‍यांची गोष्ट चमत्कारिक आहे. एकाच जाडीचे दोन निरनिराळ्या डब्यांतील छर्रे एकाच नळींतून निराळ्या ठिकाणीं जातात. तीनचार प्रकारचे थोडे थोडे आणून पाहावे, आणि जे एकमेकांच्या जवळ पडतील तेच पुढें घ्यावे. कमर बारीक व मागील घेर पातळ असा शिशाचा छर्राच घ्यावा. घेर चेपलेला असेल तर फेकून द्यावा. पोलादी गोळ्या नळीचे आंटे खातात व दगडावरून उलट येतात.

बार मारण्याची रीत सांगावयाची म्हणजे आधीं शिकलेलें विसरावें लागतें. आपण काठी धरतों तशी ही बंदूक आवळून धरिली तर नेम जातो. दट्ट्या पुढें धांवतांना बंदूक मागें सरते, आणि तो टोंकास थडकला कीं पुढें झटका खाते. हा खेळ छर्रा नळींत असतांनाच सुरू झालेला असतो. प्रत्येक वेळीं बंदूक सारखीच हालली तर छर्रा सारख्याच ठिकाणीं जाईल. आवळून धरणार्‍याच्या हाताचा जोर मात्र दर वेळीं निराळा असतो. म्हणून डावा तळवा उघडा ठेवून त्यावर दस्ता नुसता टेकवावा, खांद्याशीं हलकेंच लावावा व चाप हळू ओढावा. बार झाल्यावरहि क्षणभर माशीवरून नजर काढूं नये. नळी किंवा दस्ता दगडावर, बाजेच्या गातावर टेकवूं नये. टेकवावयाचाच तर मध्यें आपला हात घालावा. मी पहिले सहा महिने चाळीच्या खांबाला टेकवून मारीत होतों आणि दोष छर्‍यांना देत होतों.

छर्रा हळू जातो म्हणून तो लवकर खालीं येतो. 200 मीटर वेगाचा छर्रा 10 मीटरवर नळीच्या रेषेच्या सुमारें सव्वा सेंटिमीटर खालीं असतो, 30 मीटरवर सुमारें 13 सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या वितीहून अधिक. त्यासाठीं एकच अंतर धरून माशी-खांच जुळवावी. आपल्या कामास 15 मीटर योग्य. कागदावर पांच बार मारावे. ते पांचहि एका नाण्याखालीं झांकले जात नाहींत तोंवर जिवंत प्राण्यावर बंदूक उचलूं नये, कारण घुशीचा मर्माचा भाग, डोळा व कान यांमधला, तेवढाच आहे. पोटांत छर्रा बसलेली घूस बिळांत शिरून मरते आणि चाळीला आठ दिवस वास येतो.

छर्रा घालतांना दुसर्‍या हातानें नळी घट्ट धरून ठेवावी. आंकडा निसटला तर नळी झटक्यानें वर येते व बोटें मोडतात. छर्रा न घालतां बार करूं नये, दट्ट्या फुटतो. नळकांड्यांत तेल ओतूं नये, तें दाबाच्या उष्णतेनें पेट घेतें. ताणलेली बंदूक खुंटीस टांगूं नये: स्प्रिंग मरते हें एक, आणि घरांत पोरें असतात हें दुसरें.

माझी चूक चौथ्या वर्षींची. संध्याकाळीं दगडी जोत्याच्या कोपर्‍यांत घूस दिसली. अंतर सात-आठ पावलें, नेम बसलेला, घमेंडहि आलेली. मागें काय आहे तें मीं पाहिलें नाहीं. घूस हालली, छर्रा काळ्या दगडावर आदळून तिरपा उडाला आणि गोठ्यांत बांधलेल्या सहा महिन्यांच्या कालवडीच्या डाव्या डोळ्यांत गेला. डॉक्टरांनीं जमेल तें केलें. डोळा राहिला नाहीं. त्याच ठिकाणीं घटकेपूर्वीं माझी नात कालवडीला चारा घालीत उभी होती, हें घरांतील मंडळींनीं मला पुढें कधीं बोलून दाखविलें नाहीं. ती गाय आज दुभती आहे. डावीकडून कोणी गेलें कीं दचकते.

तेव्हांपासून घुशीच्या वाटेच्या मागें मातीनें भरलेलें पोतें उभें केल्यावांचून मी बसत नाहीं. कडब्याची पेंढी पुरत नाहीं, छर्रा तिच्यांतून पार जातो. मोकळ्या रानांत तो तीनशें मीटरपर्यंत जाऊं शकतो, म्हणून आडवा बार रस्त्याकडे किंवा वस्तीकडे कधीं करूं नये. डोळ्यांस चष्मा लावावा.

बसावें दिवस मावळल्यावर. घुशीची वाट ठरलेली असते. भिंतीच्या कडेची माती गुळगुळीत झालेली दिसते. तेथें दोनतीन रात्री मूठभर भरडा नुसता टाकावा, म्हणजे ती निर्धास्त होते. बॅटरीवर लाल कागद गुंडाळावा. तांबडा उजेड उंदीरवर्गास फारसा दिसत नाहीं. खातांना ती थांबते, तेव्हां बार करावा. एका बैठकीस दोन घुशी मिळाल्या तर भाग्य समजावें. पहिल्या बारानंतर बाकीच्या तासभर बाहेर येत नाहींत. म्हणून बंदुकीनें चाळ निर्घूस होईल असें कोणी मानूं नये. बिळें बुजविणें, चाळीभोवतालचें गवत काढणें व सापळे हें चालूच ठेवावें. त्यांतून निसटणार्‍या जुन्या, हुशार घुशीसाठीं बंदूक.

मेलेली घूस उकिरड्यावर टाकूं नये. तिच्या अंगांत शिसें असतें, आणि तें खाणार्‍या मांजरास व घुबडास बाधतें. गव्हाणी घुबड रात्रींतून जितके उंदीर नेतें तितके माझ्या बंदुकीनें महिन्यांत होत नाहींत. घूस हातभर खोल पुरावी, आणि छर्रे हाताळलेले हात साबणानें धुतल्यावांचून भाकरीस लावूं नयेत.