नोंद न ठेवणारे लाकडी कपाट

जुन्या कॅथलिक चर्चमध्ये भिंतीला लागून तीन खणांचे एक उंच लाकडी कपाट उभे असते. मधल्या खणात जांभळी स्टोल घातलेले धर्मगुरू बसतात. दोन्ही बाजूंच्या खणांत गुडघे टेकायला एकेक फळी असते. मधल्या भिंतींना जाळी आणि जाळीला सरकती झडप. डावीकडचा माणूस बोलत असेल तेव्हा उजवीकडची झडप लावलेली असते. धर्मगुरू बोलणाऱ्याकडे तोंड करून बसत नाहीत, जाळीकडे कान करून बसतात. बोलणाऱ्याने नाव सांगायचे नसते. सिनेमामुळे हा कन्फेशन बॉक्स, म्हणजे पापांची कबुली देण्याची पेटी, कॅथलिक नसलेल्यांच्याही ओळखीचा झाला. हिचकॉकने १९५३ मध्ये 'आय कन्फेस' हा अख्खा चित्रपट त्याच्या भोवती रचला. मात्र ही मन मोकळे करण्याची जागा आहे असा समज त्यातूनच पसरला. मन मोकळे करायला मित्र पुरतो, आता समुपदेशकही मिळतो. माझ्या मते हे कपाट एक यंत्र आहे. एका माणसाने दुसऱ्याला सांगितलेली गोष्ट या जगात कुणाच्याही उपयोगाची राहू नये, अगदी ऐकणाऱ्याच्याही, यासाठी ते शतकानुशतके घडवत आणले गेले. आजच्या समाजाला ते खटकते ते याच कारणाने, आणि माझ्या मते त्याची गरज आहे तीही याच कारणाने.

ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या शतकांत असे काही नव्हते. खून, व्यभिचार, छळाच्या भीतीने केलेला श्रद्धात्याग अशा मोठ्या पापांसाठी उघड प्रायश्चित्त असे. पापी माणसाला वेगळ्या गटात उभे करत, जाडेभरडे कपडे आणि उपास त्याच्या वाट्याला येत, आणि इस्टरच्या आधीच्या गुरुवारी बिशप त्याला मंडळीत परत घेत. ही संधी आयुष्यात एकदाच मिळे, त्यामुळे पुष्कळ जण ती मरणाच्या दारापर्यंत लांबवत. काही ठिकाणी तर पापांची लेखी यादी सर्वांसमोर वाचली जाई. पोप पहिला लिओ याने ४५९ मध्ये इटलीतील बिशपांना पत्र लिहून हा प्रकार बंद करायला लावला. लोक लाजेने किंवा कायद्याच्या भीतीने प्रायश्चित्तच टाळतील, असे त्याचे म्हणणे होते. सहाव्या-सातव्या शतकांत आयर्लंडच्या मठवासीयांनी खासगीत, हवे तितक्या वेळा घेता येणारे प्रायश्चित्त युरोपभर नेले. कोणत्या पापाला किती दिवस पाव-पाण्यावर राहायचे याची कोष्टके त्यांच्याकडे तयार असत. आपल्या धर्मशास्त्रातही परिषदेपुढे सांगून घेण्याचे प्रायश्चित्त आणि कुणालाच ठाऊक नसलेल्या पापासाठीचे रहस्य-प्रायश्चित्त असा भेद आहे, पां. वा. काण्यांच्या 'हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र'च्या चौथ्या खंडाचा प्रायश्चित्त हा एक मुख्य विषय आहे. पण रहस्य-प्रायश्चित्ताला ऐकणारा लागत नाही. आयरिश पद्धतीत तो होता, आणि ऐकणारा आला की त्याच्या तोंडाला कुलूप घालण्याचा प्रश्न आला.

कुलूप घातले ते १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने. जाणत्या वयाच्या प्रत्येक ख्रिस्ती स्त्री-पुरुषाने वर्षातून एकदा तरी कन्फेशन करावे, असा दंडक तिच्या एकविसाव्या नियमाने घातला. त्याच नियमात पुढे आहे की, ऐकलेले फोडणाऱ्या धर्मगुरूला पदावरून काढून जन्मभर कडक मठात प्रायश्चित्त करायला पाठवावे. सक्ती आणि गुप्तता एकाच कलमात आली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. सर्वांना बोलायला लावायचे तर ऐकणाऱ्याचे हात बांधलेच पाहिजेत, हे त्या परिषदेला कळत होते. तरी लाकडी पेटी अजून साडेतीनशे वर्षे दूर होती. धर्मगुरू चर्चमध्ये खुर्चीवर बसत आणि माणूस त्यांच्या पुढ्यात गुडघे टेकी, तेही गर्दीत.

पेटी आली ती गैरवर्तनाच्या भीतीतून. एकांतात आपल्या पापांविषयी बोलणारी स्त्री आणि तिच्यावर अधिकार असलेला पुरुष यांत काय घडू शकते, हे चर्चला चांगलेच माहीत होते. कन्फेशनच्या निमित्ताने लगट करणे हा वेगळा गुन्हाच मानला गेला होता, आणि स्पेनमध्ये १५६१ पासून तो इन्क्विझिशन या धर्मन्यायालयाकडे सोपवला होता. मिलानचा आर्चबिशप कार्लो बोरोमेओ याने १५६५ च्या प्रांतिक परिषदेत दोघांमध्ये फळीचा आडोसा सक्तीचा केला. चर्चच्या बांधणीवर १५७७ मध्ये काढलेल्या सूचनांत त्याने सुताराला द्यावीत तशी मापे दिली: जाळीची भोके वाटाण्याएवढी, वर पातळ कापड, आणि पेटी चर्चच्या उघड्या भागात. रोमने १६१४ च्या विधिग्रंथात हेच सर्वांसाठी लागू केले, की जागा सर्वांना दिसेल अशी हवी आणि मधली जाळी पक्की हवी. बोलणे कुणाला ऐकू येऊ नये, पण बोलणारे दोघे सगळ्यांना दिसावेत, अशी ही रचना आहे. आजच्या किती कार्यालयांना हे साधले आहे? अर्थात लाकडाने माणूस सुधारत नाही. पोपना याच गुन्ह्याविरुद्ध १६२२ मध्ये आणि पुन्हा १७४१ मध्ये फर्माने काढावी लागली.

जाळी दिसते, पण यंत्राचा खरा भाग दिसत नाही. तो चर्चच्या कायद्यात आहे. सध्याच्या संहितेचे ९८३ वे कलम सांगते की कन्फेशनची मोहोर, म्हणजे ऐकलेले गुप्त राखण्याचे बंधन, अभंग आहे. शब्दाने, खुणेने, कोणत्याही कारणासाठी ती मोडता येत नाही. त्याच्या पुढचे, फारसे कुणी वाचत नाही ते कलम मला अधिक महत्त्वाचे वाटते. ऐकलेल्या माहितीचा वापर करून बोलणाऱ्याचे अहित होईल असे काहीही करू नये, गुपित फुटण्याचा धोका नसला तरीही, असे ते बजावते. अधिकारपदावरच्या धर्मगुरूला ही माहिती कारभारातही वापरता येत नाही. खजिनदाराने कन्फेशनमध्ये अफरातफर कबूल केली, तर त्या जोरावर त्याच्याकडून किल्ल्या काढून घेता येत नाहीत. मोहोर थेट मोडणाऱ्याला आपोआप बहिष्कार लागतो आणि तो उठवण्याचा अधिकार फक्त रोमला आहे. २०२१ च्या सुधारित दंडसंहितेने कन्फेशनचे ध्वनिमुद्रण करणे किंवा ते प्रसारित करणे यालाही गुन्हा ठरवले आहे, मग ते कन्फेशन खरे असो की बनावट.

ही नुसती कागदावरची ताकीद नव्हे. प्रागच्या नेपोमुकच्या जॉन या धर्मगुरूला १३९३ मध्ये नदीत फेकले ते राणीचे कन्फेशनमधील गुपित राखल्याबद्दल, ही कथा इतिहासकार मानत नाहीत; एका मठाधिपतीच्या नेमणुकीवरून राजा चिडला होता. पण १९२७ मध्ये मेक्सिकोत मातेओ कोरेआ या धर्मगुरूला गोळी घातली गेली, कारण त्याने कैद्यांची कन्फेशने सैन्याला सांगायला नकार दिला होता. त्याहून बोलके आहे १८१३ चे न्यूयॉर्कचे प्रकरण. चोरीला गेलेला माल फादर अँथनी कोलमन यांच्या हातून मालकाला परत मिळाला, आणि चोर कोण हे सांगायला त्यांनी न्यायालयात नकार दिला. न्यायालयाने तो मान्य केला आणि १८२८ मध्ये न्यूयॉर्क राज्याने तसा कायदाच केला. माल परत आला होता, हे इथे विसरू नये. चोरीची भरपाई केल्याशिवाय क्षमा नाही, हा या विधीचा जुना नियम आहे. म्हणजे यंत्र माहिती मारून टाकते, जबाबदारी मारत नाही.

फ्रेंच विचारवंत मिशेल फुको यांनी १९७६ मध्ये नेमकी उलटी बाजू मांडली. कबुली हे सत्तेचे साधन आहे, चर्चने ते शिकवले आणि पुढे दवाखाना, न्यायालय, शाळा सगळ्यांनी ते उचलले, असे त्यांचे म्हणणे. चर्चच्या सत्तेबद्दल ते खरेच आहे. वर्षातून एकदा प्रत्येकाला गुडघ्यावर आणणारी संस्था निरागस नसते. पण चर्चकडून कबुली उचलणाऱ्यांनी मोहोर उचलली नाही, हा फरक फुकोंच्या मांडणीत दबून जातो. दवाखान्याने फाईल उघडली, पोलिसांनी जबाब लिहून घेतला, आणि आता मोबाइल आपल्या रात्री दोनच्या शोधांचीही नोंद ठेवतो. आपण पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त कबूल करतो, आणि त्यातले काहीच पुसले जात नाही. २०२४ मध्ये स्वित्झर्लंडच्या ल्युसर्न शहरातील एका चर्चने कन्फेशन बॉक्समध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा, येशूच्या चेहऱ्याने बोलणारा पडदा काही आठवडे लावला. तो कन्फेशनसाठी नाही, त्याच्याशी खासगी माहिती बोलू नका, अशी सूचना सोबत होती. ती देणे प्रामाणिकपणाचे होते. पण जिथे खासगी तेच बोलायचे, त्या कपाटात ती लावावी लागली.

पेटी ओस पडत चालली आहे, हेही नाकारता येत नाही. जॉर्जटाउन विद्यापीठाशी संलग्न 'कारा' या संशोधन संस्थेच्या २००८ च्या पाहणीत अमेरिकेतील सुमारे तीन चतुर्थांश कॅथलिकांनी वर्षातून एकदाही कन्फेशन करत नाही असे सांगितले. इस्टरपूर्वीच्या उपवासकाळात वसईत आणि गोव्यात अजून रांगा लागतात, पण एरवी तिथेही पेटीजवळ गर्दी नसते.

मोहोरेवरचा सर्वांत जड आक्षेप मात्र लहान मुलांच्या शोषणाचा आहे, आणि तो चर्चच्या शत्रूंनी रचलेला नाही. बालशोषणाची चौकशी करणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या शाही आयोगाने २०१७ च्या अंतिम अहवालात धर्मगुरूंवरही कन्फेशनमधील माहिती कळवण्याची सक्ती करावी असे सुचवले. व्हिक्टोरिया, क्वीन्सलंड अशा राज्यांनी तसे कायदे केले. क्वीन्सलंडमधील एका दोषी ठरलेल्या धर्मगुरूचे शपथपत्र तर कुणालाही हादरवेल: आपण तीसेक कन्फेसरांकडे, म्हणजे कन्फेशन ऐकणाऱ्या धर्मगुरूंकडे, सुमारे १५०० वेळा आपले कृत्य कबूल केले, असे त्याने लिहिले होते. इथे यंत्र गुन्हेगाराला दर वेळी हलके करून परत पाठवत राहिले. कन्फेसरला क्षमा रोखता येते, पोलिसांकडे जा असे बजावता येते. त्या तीस जणांना हे सुचले नाही किंवा सांगण्याचे धैर्य झाले नाही. दोष माणसांचा होता हे उत्तर खरे असले तरी मला अपुरे वाटते.

तरीही सक्तीने काय साधेल? जाळीपलीकडचा माणूस अनामिक असतो, आणि तो कळवला जाणार हे कळताच तिकडे फिरकणार नाही. शिवाय चर्चने शोषण दडपले ते मुख्यतः या पेटीच्या आडून नव्हे. पेनसिल्व्हेनियाच्या ग्रँड ज्युरीने २०१८ मध्ये ३०० हून अधिक धर्मगुरूंची आणि १००० हून अधिक मुलांची प्रकरणे मांडली ती बिशपांच्या गुप्त दप्तरांतील कागदांवरून. ती माहिती मोहोरेखाली नव्हती, लिहिलेली होती, वापरता येत होती, आणि बिशपांनी ती पोलिसांना दिली नाही. मोहोर मोडायला सांगणाऱ्यांनी आधी ती दप्तरे मागायला हवीत. आणि मोहोरेचा कैवार घेणाऱ्या बिशपांनी ती न मागता द्यायला हवीत, नाहीतर त्यांच्या तोंडी ही भाषा शोभत नाही. वॉशिंग्टन राज्याने २०२५ मध्ये केलेली कन्फेशन कळवण्याची सक्ती संघीय न्यायालयाने रोखली. त्याने तिथला कायद्याचा प्रश्न सुटला, विश्वासाचा नाही.

एक बाब या युक्तिवादात बसत नाही. पेटीत बोलणारे मूल स्वतःच पीडित असेल तर? त्याने काही पाप केलेले नाही, तरी त्याचे बोलणेही मोहोरेखाली येते असेच रोमचे उत्तर आहे. धर्मगुरूने त्याला हेच बाहेर पुन्हा सांग म्हणून समजवायचे. दहा वर्षांच्या पोराला हे ओझे पेलेल असे मानणे मला अवघड जाते, आणि चर्चच्या धर्मज्ञांनी इथे अधिक विचार करायला हवा.

भारतात हा प्रश्न अजून न्यायालयात नीट कसाला लागलेला नाही. २०१८ मध्ये केरळातील ऑर्थोडॉक्स धर्मगुरूंवर कन्फेशनच्या आधारे एका स्त्रीला धमकावल्याचे आरोप झाले, तेव्हा राष्ट्रीय महिला आयोगाने ही प्रथाच बंद करण्याची शिफारस केली आणि ती वादात विरली. आपला साक्षीपुराव्याचा कायदा पती-पत्नी आणि वकील-अशील यांच्या संवादाला संरक्षण देतो, धर्मगुरूंचा उल्लेख करत नाही. पॉक्सो कायद्याचे एकोणिसावे कलम बालशोषण माहीत असलेल्या कुणालाही कळवायला भाग पाडते, अपवाद न ठेवता. उद्या एखाद्या धर्मगुरूला या कलमाखाली उभे केले तर तो गप्प राहील आणि तुरुंगात जाईल. त्याला तसेच शिकवले आहे, आणि त्याबद्दल त्याचा मान राखता येईल. पण त्याच्या बिशपला त्याच दिवशी विचारावे लागेल की, पेटीबाहेर जे जे ठाऊक होते ते तुम्ही पोलिसांना कधी कळवले.