कोळंबीचं स्वस्त बीज किती महाग पडतं?

परवा एका दादांचा फोन आला. खाडीकाठी एक एकर तलाव भाड्याने घेतलाय, व्हेनामी कोळंबी सोडायचीय. "सर, एक जण नगामागे पाच पैसे कमी लावतोय. पीसीआर रिपोर्ट नाही, पण बीज चांगलं दिसतंय. घेऊ का?"

आधी हिशोब करू. एक एकर म्हणजे साधारण ४,००० चौरस मीटर. चौरस मीटरला ४० नग धरले तर १,६०,००० बीज. पाच पैशांनी वाचले ८,००० रुपये. आता दुसरी बाजू. पीक नीट आलं तर दोन-सव्वादोन टन माल निघतो, आणि त्यासाठी तीन टनांच्या आसपास खाद्य लागतं. किलोला ९० रुपये धरा, फक्त खाद्याचेच २,७०,००० झाले. वीज, डिझेल, मजुरी वेगळी. एवढी रक्कम आपण ८,००० साठी पणाला लावतोय.

पांढरे ठिपके म्हणजे व्हाइट स्पॉट. हा विषाणू आला की ३ ते १० दिवसांत तलाव रिकामा होऊ शकतो आणि त्यावर औषध नाही. १९९४-९५ मध्ये याच रोगाने आपल्याकडच्या टायगर कोळंबीच्या धंद्याचं कंबरडं मोडलं. व्हेनामी मूळची अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याची, म्हणजे आपल्या पाण्यात परकीच. म्हणून २००९ मध्ये परवानगी देताना अट घातली: परदेशातून आणलेले प्रजनक आधी चेन्नईच्या क्वारंटाइन केंद्रात तपासायचे, मगच हॅचरीत.

इथे बरेच जण फसतात. 'एसपीएफ' म्हणजे ठरावीक रोगांपासून मुक्त असलेले प्रजनक. त्यांच्या पिल्लांना रोग होणारच नाही असा त्याचा अर्थ नाही हो!

व्हाइट स्पॉट निदान दिसतो तरी. मला जास्त भीती ईएचपीची वाटते. हा सूक्ष्म परजीवी कोळंबी लगेच मारत नाही, वाढ खुंटवतो. कोळंबी खात राहते, तुम्ही खाद्य टाकत राहता. आणि बाजारात भाव ठरतो काउंटवर, म्हणजे किलोला किती नग बसतात त्यावर. २० ग्रॅमची कोळंबी ५० काउंटची, १० ग्रॅमची १०० काउंटची. वजन निम्मं, वर किलोचा भावही कमी. दुहेरी मार. त्याचे बीजाणू तळाच्या मातीत टिकतात, म्हणून दोन पिकांमध्ये तलाव वाळवणं आणि कळीचा चुना टाकणं चुकवू नका.

तर दादांना मी सांगितलं: कोस्टल अॅक्वाकल्चर अथॉरिटीकडे नोंदणी असलेल्या हॅचरीचंच बीज घ्या. तुमच्या तलावाचीही तिथे नोंदणी लागते, २००५ पासून तसा कायदा आहे. रिपोर्ट तुम्ही घेणार त्याच टाकीचा आहे का बघा. जमलं तर नमुना स्वतः काढून व्हाइट स्पॉट आणि ईएचपी, दोन्ही तपासून घ्या. रिपोर्ट चांगला आला तरी बांधावर खेकड्यांसाठी कुंपण आणि वर पक्ष्यांसाठी जाळी हवीच, कारण खेकडे व्हाइट स्पॉट वाहून आणतात. जाळी आणि बादल्या दुसऱ्या तलावाशी वाटून घेऊ नका. कुणी अँटिबायोटिक सुचवलं तर सरळ नाही म्हणा. विषाणूवर ते चालत नाही, आणि बंदी असलेल्या औषधाचा अंश सापडला तर निर्यातीचा माल परत येतो.

दादांचा शेवटचा प्रश्न होता, "रोग आलाच तर पाणी रात्रीत खाडीत सोडून देऊ?" अजिबात नाही. शेजारचा माणूस त्याच खाडीतून पाणी उचलतो. आधी क्लोरीन टाकायचं, काही दिवस पाणी अडवून ठेवायचं, मेलेली कोळंबी खड्ड्यात चुना टाकून पुरायची आणि मत्स्यव्यवसाय खात्याला कळवायचं. शेजाऱ्यालाही त्याच दिवशी फोन करा.