शेवटचा आलेला शाम

1973 च्या बेलमाँट स्टेक्समध्ये सेक्रेटेरियट हा घोडा 31 लेंग्थ्सनी (लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी) जिंकला, हे रेसच्या शौकिनांना पाठ असतं. त्याच शर्यतीत शाम नावाचा घोडा पाचांत शेवटचा आला. नुसता निकाल पाहणारा त्याला निकालात काढील. पण पाचच आठवड्यांपूर्वी केंटकी डर्बीत तो सेक्रेटेरियटच्या मागे अवघ्या अडीच लेंग्थ्सवर दुसरा होता. एका लेंग्थला सेकंदाचा साधारण पाचवा भाग धरतात. त्या हिशेबाने त्यानेही सव्वा मैल दोन मिनिटांच्या आत कापला होता, आणि त्याआधीचा डर्बीचा विक्रमच बरोबर दोन मिनिटांचा होता!

घोड्याची वेळ जशीच्या तशी घेऊन चालत नाही. अँड्र्यू बायर यांनी 1975 साली ‘पिकिंग विनर्स’ या पुस्तकात मांडलेला हिशेब असा: त्या दर्जाच्या घोड्यांना त्या अंतराला एरवी किती वेळ लागतो ते काढायचं, मग त्या दिवशीच्या शर्यती त्या मानाने कशा गेल्या ते पाहायचं. सगळ्याच जलद गेल्या असतील तर श्रेय ट्रॅकचं. तेवढं वजा करायचं. आपल्याकडे पुण्याच्या पावसाळी हंगामात ओल्या हिरवळीवर घोडे संथ पळतात. म्हणून तर पेनेट्रोमीटरने मोजलेला जमिनीचा नरमपणा जाहीर होतो.

तरीही या हिशेबातून निघणारा आकडा, म्हणजे स्पीड फिगर, शेवटच्या वेळेवरच बेतलेला. शामवर तो अन्यायच करतो. बेलमाँटला पहिला बराचसा भाग तो सेक्रेटेरियटला खेटून धावला. दीड मैलांच्या शर्यतीत पहिले सहा फर्लांग 1 मिनिट 9.8 सेकंदांत गेले, ही गती जीवघेणी होती. भरधाव घोडा एका झेपेला एकच श्वास घेतो. प्राणवायू अपुरा पडला की स्नायू त्याच्याविना ऊर्जा काढतात, पण ती पुंजी फार काळ पुरत नाही. खुद्द सेक्रेटेरियटचा दुसरा पाव मैल 22.6 सेकंदांचा, तर शेवटचा 25 सेकंदांचा. डर्बीत मात्र त्याचा प्रत्येक पाव मैल आधीच्यापेक्षा जलद होता.

पेस फिगर याच टप्प्यांना गुण देतो, म्हणून मला तो अधिक न्यायी वाटतो. जबर गतीला भिडून मागे पडलेला घोडा पुढच्या वेळी आघाडी घेणारा एकटाच असेल, तर त्याचा गेल्या खेपेचा निकाल बाजूला ठेवावा. शामला मात्र पुढची शर्यत मिळालीच नाही. पायाच्या दुखापतीने त्याची कारकीर्द तिथेच संपली.