काठ विणलेला की छापलेला?

मदतनिधीच्या साडी-स्टॉलवर यंदा आम्ही प्रत्येक साडीला चिठ्ठी लावली आहे : विणलेला काठ, ठशाचा काठ, मशीनचा काठ. काम चांगलं असलं तरी छापील काठ पैठणीच्या भावाने विकणं आम्हाला पटत नाही.

ओळखायचं कसं? काठ उलटून बघा. हातमागाच्या पैठणीत नक्षी विणतानाच भरतात, त्यामुळे ती दोन्हीकडून जवळजवळ सारखी दिसते. छापील काठ मागून बहुधा फिका असतो.

पण छापील म्हणून नाक मुरडू नका हं! राजस्थानात सांगानेर, बगरूला लाकडी ठशांनी काठ हाताने छापतात. आधी रेघांचा ठसा, मग भरणीचा. प्रत्येक रंगाला ठसा वेगळा. वेल सलग दिसायला हवी, म्हणून प्रत्येक ठसा आधीच्याला जुळवून ठेवायचा, तोही सबंध साडीभर, दोन्ही काठांना! एखादी पाकळी जोडावर किंचित सरकलेली दिसली तर खुशाल घ्या, ती हाताची खूण आहे. कोपऱ्यात वेल कशी वळवली आहे तेही बघा. कारागिराचा कस तिथे लागतो.

सोनेरी खडीकामात चिकट द्रव्याच्या जोरावर चमकीची पूड कापडावर बसवतात. अशा साडीला इस्त्री उलट बाजूने, बेताच्या आचेवर करा.