बसल्या जागी ‘गाडी लागते’ ती का?

घाटात एस. टी. लागते तेव्हा शरीर हलत असते, पण डोळे समोरच्या बाकावर स्थिर असतात. आभासी वास्तवाच्या चष्म्यात नेमके उलट घडते. डोळ्यांना गती दिसते. अंतर्कर्णातील तोल सांभाळणारे इंद्रिय मात्र शरीर स्थिर असल्याचे सांगते. अशा विसंगतीतून मळमळ व घेरी उद्‌भवते, हा रीझन व ब्रँड यांनी १९७५ साली मांडलेला विचार आजही बहुतांशी ग्राह्य आहे. आभासी चालताना चित्राच्या कडा काळोख्या करून दृष्टिक्षेत्र आकुंचित केल्यास त्रास घटतो, असे कोलंबिया विद्यापीठातील प्रयोगात २०१६ साली आढळले. वर्गात मात्र विद्यार्थ्यास बसवून पाच-दहा मिनिटांनीच आरंभ करावा. मळमळ जाणवताच चष्मा उतरवावा. ‘थोडे सहन कर’ असे शिक्षकाने म्हणू नये. वाढलेला त्रास कित्येकदा तासन्‌तास टिकतो.