फिरत्या संसाराची गाडी आणि नांवाचा कागद

पौष पौर्णिमेच्या सुमारास जेजुरीस गाढवांचा बाजार भरतो. दौंड तालुक्याला लागून असलेल्या पुरंदर तालुक्यांतील या क्षेत्रीं वडार, कैकाडी, बेलदार, वैदू, गोसावी अशा अनेक जमातींचीं माणसें पिढ्यान्‌पिढ्या जमत आलीं आहेत. जनावराचे दांत पाहावे, किंमत ठरवावी, पैसे मोजावे आणि दोर हातीं घ्यावा, कीं व्यवहार पुरा झाला. दोन-चार जाणत्या माणसांची साक्ष हीच त्याची नोंद. ज्याच्या हातीं दोर तोच धनी, हें तेथें कोणाला समजावून सांगावें लागत नाहीं.

पण दिवस पालटले. शिरूर-घोडनदीवरून अहिल्यानगरकडे जाणारा रस्ता पाहा, किंवा दौंड तालुक्यांतून जाणारा पुणें-सोलापूर हमरस्ता पाहा. पूर्वीं ज्या संसाराचें ओझें गाढवाच्या अथवा बैलाच्या पाठीवर असे, तें आतां पुष्कळ ठिकाणीं मोटार-सायकलीवर, तीनचाकी टेंपोंत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलींत चढलें आहे. जुन्या कपड्यांवर भांडीं देणारा असो कीं दगड फोडणारा असो, त्याचा धंदा तोच राहिला, वाहन मात्र बदललें. आणि वाहनाबरोबर धनीपणाची व्याख्याही बदलली. मोटारीच्या बाबतींत ज्याच्या हातीं किल्ली तो धनी नव्हे. ज्याचें नांव सरकारी नोंदींत तो धनी. फिरत्या कुटुंबांवर जीं संकटें येतात, त्यांतील बरींचशीं या एका फरकांतून उद्भवतात.

कायदा काय सांगतो तें प्रथम पाहूं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ३९ व्या कलमाप्रमाणें नोंदणीवांचून कोणतेंही मोटार वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालवितां येत नाहीं. १४६ व्या कलमाप्रमाणें तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा उतरविल्यावांचून तें रस्त्यावर आणतां येत नाहीं. विम्याची ही सक्ती नवी नाहीं. १९३९ च्या जुन्या कायद्याखालीं ती १ जुलै १९४६ पासून अंमलांत आली. विम्यावांचून वाहन चालविल्यास पहिल्या वेळीं २,००० रुपये व पुन्हां तसेंच घडल्यास ४,००० रुपये दंड होऊं शकतो, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैदही सांगितलेली आहे. नोंदणी आणि विमा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाहन कोणाचें, याचें उत्तर नोंदणी देते. वाहनानें कोणाचें नुकसान केलें तर भरपाई कोणीं करावयाची, याचें उत्तर विमा देतो. परंतु दोहोंचा पाया एकच, तो म्हणजे कागदावरचें नांव.

आतां भटक्या व विमुक्त जमातींच्या कानांना ‘नोंदणी’ हा शब्द गोड लागत नाहीं, आणि त्याला सबळ कारण आहे. इंग्रजी अमदानींत १८७१ सालीं गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. १९११ च्या कायद्यानें त्याचा अंमल मुंबई इलाख्यांतही आला. त्या कायद्याखालीं नोंद होत असे ती माणसाची. बोटांचे ठसे द्यावे लागत, चौकीवर हजेरी द्यावी लागे. सोलापूरसारख्या ठिकाणीं तारेच्या कुंपणाच्या वसाहती वसविल्या गेल्या. मुंबई प्रांतांत १९४९ सालीं आणि साऱ्या देशांत ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं हा कायदा रद्द झाला. पण ज्यांच्या आजोबांनीं हजेरी दिली, त्यांच्या नातवांच्या मनांतून सरकारी वहीची धास्ती एकदम जाईल कशी? शिरूर व दौंड या दोन्ही तालुक्यांत पारधी वस्त्या आहेत. एखादा पारधी तरुण मोटार-सायकलीवरून जातांना अडविला गेला, आणि गाडीचा कागद भलत्याच नांवाचा निघाला, तर संशयाला आयतेंच निमित्त मिळतें. नोंदणी नसलेलें वाहन अडकवून ठेवण्याचा अधिकार २०७ व्या कलमानें पोलिसांना दिलेला आहे. अशा वेळीं स्वतःच्या नांवाचा कागद हीच त्याची खरी ढाल होय. जी नोंद पूर्वीं बेडी होती, तीच आतां या रूपानें संरक्षण करूं शकते.

मग हीं माणसें गाडी आपल्या नांवावर कां करीत नाहींत? पहिली अडचण पत्त्याची. गायरानावर किंवा रस्त्याच्या कडेला पाल ठोकून राहणाऱ्याच्या घराला क्रमांक नसतो आणि विजेचें बिलही त्याच्या नांवें येत नसतें. परंतु कायद्याची अपेक्षा समजून घेतली पाहिजे. आज रात्रीं मुक्काम कोठें, हें कायदा विचारीत नाहीं. ४० व्या कलमांत मालकाचें राहण्याचें किंवा धंद्याचें ठिकाण, जेथें वाहन एरवीं ठेवलें जातें, तें विचारलें आहे. म्हणजे वर्षांतील आठ महिने फिरून ज्या गांवीं कुटुंब परत येतें, तें गांव पत्ता म्हणून पुरतें. दौंडकरांस त्यासाठीं बारामतीचें परिवहन कार्यालय, म्हणजे एम. एच. ४२, आणि शिरूरकरांस पुण्याचें, म्हणजे एम. एच. १२, हीं नेहमींचीं. २०१९ च्या दुरुस्तीनें राज्यांतील कोणत्याही नोंदणी कार्यालयाकडे जाण्याची मुभाही कायद्यांत घातली आहे.

त्या पत्त्याला पुरावा हवा, आणि तो मिळविण्याच्या वाटा आहेत. निवडणूक आयोगाच्या नियमाप्रमाणें बेघर माणसाला मतदारयादींत नांव घालण्यासाठीं पत्त्याचा कागद लागत नाहीं. मतदान केंद्राचा अधिकारी सांगितलेल्या जागीं रात्रीं जाऊन, तो माणूस तेथें खरोखरच झोपतो कीं नाहीं हें पाहतो. २०१६ च्या आधार कायद्याच्या ५ व्या कलमांत तर भटक्या जमाती व कायमचें घर नसलेले लोक यांच्यासाठीं खास व्यवस्था करावी असें स्पष्ट शब्दांत लिहिलें आहे. एकदां मतदारपत्र आणि आधारपत्र हातीं आलें, कीं पुढचीं दारें उघडतात. फ्रान्सचें उदाहरण येथें बोधप्रद आहे. तेथें १९६९ च्या कायद्यानें फिरस्त्यांना एखाद्या गांवाशीं बांधून घेणें व प्रवासाचें पुस्तक जवळ बाळगणें सक्तीचें केलें होतें. २०१२ सालीं तेथील घटना परिषदेनें त्यांतील कांहीं अटी घटनाबाह्य ठरविल्या, आणि २०१७ सालीं ती पद्धतच मोडीत निघाली. आतां ज्याला स्थिर घर नाहीं त्याला तेथील समाजसेवा केंद्राचा पत्ता आपला म्हणून लावतां येतो. पत्ता म्हणजे भिंती आणि छप्पर नव्हे, तर सरकारचें पत्र ज्या ठिकाणीं खात्रीनें पोंचतें तें ठिकाण, हें यावरून ध्यानांत येईल.

दुसरी अडचण खरेदीच्या रीतीची. फिरता माणूस नवी गाडी क्वचित् घेतो. पुण्यांतील एखाद्या गृहस्थाची जुनी गाडी दलालाकडे जाते, तेथून दुसऱ्या दलालाकडे, आणि तिसऱ्या-चौथ्या हातीं ती शिरूरच्या एखाद्या पालासमोर उभी राहते. पैसे दिले, किल्ली घेतली. पण नोंद पुण्याच्या गृहस्थाचीच राहिली. कायद्याप्रमाणें विकणाऱ्यानें राज्यांतल्या राज्यांत १४ दिवसांच्या आंत कळवावयाचें असतें, त्याचा नमुना २९ वा. आणि घेणाऱ्यानें ३० दिवसांच्या आंत अर्ज करावयाचा असतो, त्याचा नमुना ३० वा. गाडीवर कर्ज असेल तर तें फिटल्याची नोंद नमुना ३५ नें करून घ्यावी लागते. मालक वारला तर वारसानें ३० दिवसांत कळवून तीन महिन्यांच्या आंत नमुना ३१ भरावा. २०२१ पासून गाडीच्या नोंदींतच वारसदाराचें नांव घालून ठेवण्याची सोयही झाली आहे. पालांत कागद भिजतात, हरवतात. पण २०१८ पासून सरकारी डिजिलॉकरमध्यें किंवा एम-परिवहनमध्यें असलेली प्रत मूळ कागदाइतकीच ग्राह्य धरली जाते. घरांतील एखाद्या शिकलेल्या मुलानें तेवढी करून दिली तरी काम भागतें.

हें सारें न केल्यानें काय होतें? विम्याविषयीं तीन गैरसमज सर्वत्र आढळतात. फिरत्या कुटुंबाला ते फार महाग पडतात. पहिला असा कीं, विमा आहे म्हणजे आपणही त्यांत आलों. सक्तीचा विमा हा तिऱ्हाइतासाठीं असतो. चालविणाऱ्या मालकाच्या स्वतःच्या मृत्यूसाठीं १५ लाख रुपयांचा वैयक्तिक अपघात विमा वेगळा असतो, आणि तो ज्याच्या नांवावर गाडी आहे व ज्यापाशीं परवाना आहे अशा मालकालाच लागू पडतो. गाडी दुसऱ्याच्या नांवावर असेल तर ती चालवितांना मेलेल्या माणसाच्या विधवेला त्यांतून कांहीं मिळण्याची आशा नाहीं.

दुसरा गैरसमज टेंपोचा. मालवाहू टेंपोंत भांडीं, पालें, कोंबड्या आणि त्यांवर बसलेलीं बायका-मुलें, हें दृश्य हमरस्त्यावर नित्याचें आहे. मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधि यांना १९९४ च्या दुरुस्तीनें विम्याचें छत्र मिळालें. परंतु मालवाहू गाडींत फुकट बसलेल्या उतारूंची भरपाई विमा कंपनीकडून मागतां येत नाहीं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें २००२ सालीं दिला. म्हणजे गाडी उलटली तर मुलांच्या जिवाची किंमत त्या विमापत्रांत कोठेंच धरलेली नसते.

तिसरा गैरसमज असा कीं, विमा हें गाडीवाल्यांचें प्रकरण आहे. खरें पाहतां रस्त्याच्या कडेला पालांत झोपणारें कुटुंब हेंच सर्वांआधीं तिऱ्हाईत ठरतें. भरधाव गाडी पालावर चढली आणि तिचा विमा असेल, तर मोटार अपघात दावा प्राधिकरणाकडे अर्ज करितां येतो. अपघात झाला तेथें किंवा अर्जदार राहतो तेथें, अशी निवडही कायद्यानें दिली आहे. मात्र २०१९ च्या दुरुस्तीनें त्यास सहा महिन्यांची मुदत घातली आहे, तेव्हां पाल उचलून पुढच्या गांवीं जाण्यापूर्वीं फिर्यादीची प्रत हातीं घेतलीच पाहिजे. गाडी पळून गेली आणि सांपडलीच नाहीं, तरीही १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूबद्दल २ लाख व गंभीर दुखापतीबद्दल ५०,००० रुपये मिळण्याची तरतूद आहे. त्यासाठीं वकील लागत नाहीं. अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार यांजकडे करावयाचा असतो.

आतां शहरांतील सुशिक्षित श्रोत्यांचा याच्याशीं संबंध काय, असा प्रश्न पडेल. संबंध आहे, आणि तो त्यांच्या स्वतःच्या सहीचा आहे. जुनी स्कूटर विकतांना कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून ते दलालाच्या स्वाधीन करणें ही कित्येक घरांतील रीत झाली आहे. सर्वोच्च न्यायालयानें फेब्रुवारी २०१८ मध्यें स्पष्ट सांगितलें, कीं गाडी कितीही हातांतून गेली तरी नोंदींत ज्याचें नांव आहे तोच कायद्याच्या दृष्टीनें मालक, आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच. विमा सरलेला असेल तर ती रक्कम जमीन-महसुलाच्या थकबाकीप्रमाणें वसूल होऊं शकते. अशा रीतीनें एका निष्काळजी सहीनें दोन घरें संकटांत सांपडतात. घेणाऱ्याला गाडी मिळूनही ती त्याची होत नाहीं, आणि विकणाऱ्याची ती गेली असूनही सुटत नाहीं.

जेजुरीच्या बाजारांत दोर हातीं देतांना विकणारा घेणाऱ्याचें तोंड पाहतो, त्याचें गांव विचारतो. मोटारीच्या व्यवहारांत तें तोंड दलालाच्या पाठीमागें लपलेलें असतें. म्हणून जुनी गाडी विकणाऱ्यानें दोन दिवस अधिक मोडावे, घेणारा खरोखर कोण तें विचारावें, जरूर तर त्याला अर्ज भरण्यास साह्य करावें, आणि नोंदींत त्याचें नांव चढलें आहे हें डोळ्यांनीं पाहिल्यावरच गाडी आपली राहिली नाहीं असें समजावें.